कैलासाची छायाचित्रे

कैलास-मानसरोवराची यात्रा २०२० पासून पाच वर्षे बंद होती. ती २०२५ च्या उन्हाळ्यात पुन्हा सुरू झाली. नांदेडच्या यात्रेकरूने सचखंड एक्स्प्रेसमध्ये बसावे, दिल्लीस वैद्यकीय तपासणी द्यावी, आणि लिपुलेखच्या किंवा नाथू-लाच्या वाटेने तिबेटात उतरावे, असा हा मार्ग आहे. लातूरकरांची वाटही शेवटी दिल्लीसच जाऊन मिळते. सरकारी यात्रेस वयाची मर्यादा १८ ते ७० वर्षांची आहे, आणि शरीराच्या स्थूलतेचीही मोजदाद होते. सबब ज्या पिढीने जन्मभर कैलासपतीचे नाव घेतले, त्या पिढीतील बहुतेकांस ही यात्रा आता घडणे नाही. त्यांच्या वाट्यास येतात ती जाऊन आलेल्यांनी आणलेली छायाचित्रे. त्या छायाचित्रांविषयीच ह्या महिन्यात चार शब्द लिहावे, असे आम्हांस वाटले.

नांदेडास एका स्नेह्यांच्या घरी पाहिलेला प्रसंग सांगतो. पुतण्या यात्रा करून आलेला. ऐंशीच्या घरातील काकू भिंतीशी टेकून बसलेल्या. पुतण्याने मोबाइल पुढे धरून एकामागून एक चित्रे सरकविली. काकूंनी चष्मा सारखा केला, पाचपंचवीस चित्रे लक्ष लावून पाहिली, आणि विचारले, "बाबा, ह्या सगळ्यांत तूच तू आहेस. महादेव कुठं राहिले?" सगळे हसले. पुतण्याही मोकळेपणाने हसला, आणि मग खरोखरीच शोधू लागला. नऊशेंच्या वर चित्रांत ज्यात नुसता पर्वत आहे अशी चित्रे अकरा निघाली. त्यांपैकी कोणते चित्र दक्षिणेकडून काढले आणि कोणते उत्तरेकडून, हे त्यास सांगता येईना.

काकूंचा प्रश्न मराठवाड्यातील घरात विचारला गेला, हे एका परीने यथायोग्यच झाले. कारण कैलास न पाहता कैलास उभा करण्याचा सर्वांत मोठा उद्योग ह्याच भूमीत झालेला आहे. राष्ट्रकूट राजे आपल्या शिलालेखांतून स्वतःस 'लट्टलूरपुरवराधीश्वर' म्हणवीत. हे लट्टलूर म्हणजेच आजचे लातूर, असे विद्वान मानतात. डॉ. अनंत सदाशिव आळतेकर ह्यांच्या १९३४ सालच्या राष्ट्रकूटांवरील ग्रंथात ह्या प्रश्नाचा ऊहापोह आहे, तो जिज्ञासूंनी अवश्य पाहावा. नांदेड जिल्ह्यातील कंधारच्या किल्ल्याचा उगमही ह्याच घराण्याशी जोडला जातो. ह्या वंशातील पहिल्या कृष्णाने आठव्या शतकात वेरूळास डोंगर वरून खाली कोरीत नेऊन जे शिवालय घडविले, त्यास कैलास हे नाव पडले. त्याच्या अंगावर पांढऱ्या गिलाव्याचे अवशेष अद्याप कोठे कोठे दिसतात. एके काळी सारे मंदिर त्या पांढऱ्या लेपाने झाकलेले होते, आणि हिमाच्छादित शिखराचा भास व्हावा हाच त्यात हेतू असावा, असे पुष्कळांचे मत आहे. बाजूस रावण खालून पर्वत हलवीत आहे आणि वर पार्वती शंकराचा दंड धरून बसली आहे, हे शिल्प तर सर्वांच्या परिचयाचे आहे. कोरणाऱ्यांपैकी कोणी हिमालयाच्या पलीकडे गेला असेल, असे मानण्यास आधार नाही. त्यांच्यापुढे पुराणे होती, ऐकीव वर्णने होती, आणि पायांखाली काळा फत्तर होता.

ह्या फत्तराविषयी एक गंमतीची गोष्ट सांगण्यासारखी आहे. वेरूळचा खडक लाव्ह्याचा असून सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा आहे. तिबेटातील कैलास लाव्ह्याचा नव्हे. नद्यांनी वाहून आणलेले गोल गोटे आणि वाळू एकमेकांस घट्ट चिकटून जो खडक होतो, त्याचे आडवे थर तेथे एकावर एक चढलेले आहेत. भूगर्भशास्त्रज्ञ त्यांचे वय अडीच कोटी वर्षांच्या आसपास सांगतात. म्हणजे दगडापुरते बोलावयाचे तर आमचा कैलास थोरला आणि हिमालयापलीकडचा धाकटा! चांगल्या छायाचित्रात हे थर स्पष्ट दिसतात. त्यांवर बर्फ साठून पांढऱ्या पायऱ्यांसारख्या रेघा उमटतात, आणि दक्षिणेच्या अंगास माथ्यापासून खाली उतरणारी एक उभी खाच दिसते. ती खाच दिसली की चित्र दक्षिणेकडचे, ही खूण वाचकांनी लक्षात ठेवावी. उत्तरेचे अंग म्हणजे डिरापुकच्या मठापुढून दिसणारा सरळसोट कडा होय. एवढे समजले तरी पुतण्याच्या अकरा चित्रांची वाटणी होण्यास हरकत नाही.

कैलासाची प्रदक्षिणा सुमारे ५२ किलोमीटरची आहे. मानसरोवर समुद्रसपाटीपासून सुमारे १५,००० फुटांवर आहे, आणि प्रदक्षिणेतील डोल्मा-ला ही खिंड सुमारे १८,५०० फुटांवर. लातूर २,००० फुटांवर आणि नांदेड त्याहूनही खाली. तेव्हा आमच्याकडील माणसास तेथे काय वाटत असेल ह्याची कल्पना करावी. खिंडीत हवेचा दाब येथल्या जवळजवळ निम्म्यावर येतो. दहा पावले टाकावी आणि थांबावे. अशा ठिकाणी कॅमेरा बाहेर काढणे हेच एक कष्टाचे काम होऊन बसते.

पूर्वी तर ते किती कष्टाचे होते! स्वेन हेडिन ह्या स्वीडिश प्रवाशाने १९०७ साली मानसरोवरात नाव घालून त्याची खोली मोजली, कैलासाची प्रदक्षिणा केली, आणि छायाचित्रांबरोबर हाताने काढलेली चित्रेही पुष्कळ आणली. पुढच्याच वर्षी, म्हणजे १९०८ साली, एक मराठी संन्यासी कैलासास गेले. ते भगवान श्रीहंस. त्यांनी आपली यात्रा मराठीत लिहिली. तिचे इंग्रजी भाषांतर बडनेऱ्यास जन्मलेले श्रीपुरोहित स्वामी ह्यांनी केले, आणि ते आयरिश कवी येट्स ह्यांच्या प्रस्तावनेसह १९३४ साली लंडनास प्रसिद्ध झाले. हंसस्वामी दत्तभक्त होते, आणि कैलासावर आपणांस श्रीदत्तात्रेयांचे दर्शन घडले असे ते सांगतात. दत्तस्थान म्हणून माहूर नांदेड जिल्ह्यातच आहे; तेथील दत्तशिखर चढणाऱ्या भाविकास हंसस्वामींची ही ओढ वेगळी समजावून सांगावी लागणार नाही. हेडिनने मोजमाप आणले, स्वामींनी दर्शन आणले. दोघांच्या लेखनात मिळून जो कैलास दिसतो तो एकट्याच्या लेखनात दिसत नाही, असे आमचे मत आहे.

१९३६ साली ऑगस्ट गान्सर हा तरुण स्विस भूगर्भशास्त्रज्ञ यात्रेकरूचा वेष घेऊन कैलासापाशी पोहोचला. पर्वताच्या थरांविषयी वर जे लिहिले त्याचा पाया ह्या वेषधारी यात्रेकरूने घातला. परंतु त्या काळातील ज्या माणसाविषयी आमच्या मनात अधिक आदर आहे ते स्वामी प्रणवानंद होत. त्यांचा जन्म आंध्रातील पूर्व गोदावरी जिल्ह्याचा, म्हणजे नांदेडच्या घाटांवरून जे पाणी वाहत जाते त्याच्याच खालच्या अंगाचा. ते कैलासास वर्षानुवर्षे जात राहिले. मानसरोवराच्या काठी एका मठात हिवाळ्यासकट राहिले. सरोवर केव्हा गोठते, बर्फास तडे कसे जातात, त्या वेळी आवाज कसा होतो, हे सारे त्यांनी दिवसावारी टिपले. १९४९ साली निघालेल्या त्यांच्या पुस्तकात नकाशे आहेत आणि छायाचित्रे आहेत. चित्रांत मठ आहेत, बाजार आहेत, मेंढ्यांच्या पाठीवर लादलेली मिठाची आणि लोकरीची वाहतूक आहे. स्वामी स्वतः त्यांत फारसे दिसत नाहीत.

पुढे १९६६ नंतरच्या सांस्कृतिक क्रांतीत तिबेटातील बहुतेक मठ उद्ध्वस्त झाले. कैलास-मानसरोवराभोवतीचेही त्यांतून वाचले नाहीत. ल्हासाजवळचा गांदेन हा १४०९ साली स्थापन झालेला प्रचंड मठ, त्याच्या नुसत्या भिंती उरल्या. १९८० नंतर पुष्कळ ठिकाणी पुन्हा बांधकाम झाले, आणि आजचा यात्रेकरू जे मठ पाहून येतो ते बहुधा हे नवे मठ असतात. जुने कसे होते हे पाहावयाचे तर प्रणवानंदांसारख्यांची चित्रेच धुंडाळावी लागतात. ज्याने ती काढली त्यास, आपण शेवटचे चित्र घेत आहोत, ह्याची कल्पना कोठून असणार?

लातूर जिल्ह्यास हे समजावण्याची गरज नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी आणि आसपासची गावे दगडमातीच्या भिंतींखाली गाडली गेली. माणसे गेली, तशी भिंतीवरची चित्रेही गेली. नव्या जागी नवी गावे वसली. परंतु जुन्या गावाची वेस, पार, वाड्याचा दरवाजा ज्यांच्या कोणा पाहुण्याने सहज म्हणून टिपला होता, त्यांच्यापाशी तेवढे एक चित्र राहिले. बाकीच्यांपाशी तेही नाही.

तिबेटातील छायाचित्रांचा ह्याहूनही विलक्षण उपयोग ज्यांनी केला, त्यांत दोन पुणेकर विद्वान आहेत. त्यांची कथा आमच्या वाचकांस ठाऊक असावी. राहुल सांकृत्यायन १९२९ साली प्रथम तिबेटात गेले, आणि पुढे १९३४, १९३६ व १९३८ साली पुन्हा गेले. भारतातून नाहीसे झालेले संस्कृत ग्रंथ ताडपत्रांवर लिहिलेले, शाक्य, ङोर, शालू येथील मठांत शतकानुशतके बांधून ठेवलेले त्यांस आढळले. मठाधिकारी पोथ्या बाहेर नेऊ देत ना. हाताने नकलून घ्यावयास आयुष्य पुरते ना. तेव्हा पाने फळ्यावर टाचण्यांनी लावून त्यांची छायाचित्रे घेतली. एकेका चित्रात अनेक पाने बसविलेली. उजेड बेताचा, साधने थोडी. पुष्कळ चित्रे अस्पष्ट आली. कोठे टाचणीखालीच अक्षर झाकले गेले. ही चित्रे पाटण्यास ठेवण्यात आली, आणि जगभरच्या पंडितांनी त्यांवर डोळे शिणविले.

ङोरच्या मठातील एक पोथी सुभाषितांची निघाली. अकराव्या शतकाच्या उत्तरार्धात बंगालमधील जगद्दल विहारातील विद्याकर नामक पंडिताने संस्कृत कवींचे निवडक श्लोक एकत्र केले होते. ह्या संग्रहाची एक अपुरी प्रत नेपाळातून मिळून १९१२ साली छापली गेली होती. पण ग्रंथाचे खरे नाव आणि कर्ता तेव्हा अज्ञातच होता. तिबेटातील पोथीची छायाचित्रे आणि नेपाळातील सामग्री पुढे ठेवून प्रा. दामोदर धर्मानंद कोसंबी आणि फर्ग्युसन महाविद्यालयाचे प्रा. वासुदेव विश्वनाथ गोखले ह्यांनी 'सुभाषितरत्नकोश' सिद्ध केला, आणि तो हार्वर्डच्या प्राच्य ग्रंथमालेत १९५७ साली प्रसिद्ध झाला. सतराशेंहून अधिक श्लोक! कोसंबी पेशाने गणिती. मुंबईस टाटा मूलभूत संशोधन संस्थेत त्यांचे काम. गोखले तिबेटी आणि चिनी जाणणारे. त्यांनी १९४६ सालीच ह्याच मार्गाने आलेल्या दुसऱ्या एका पोथीवरून वसुबंधूच्या अभिधर्मकोशाच्या कारिका छापून दिल्या होत्या. ह्या दोघांनी पुण्यात बसून, तिबेटातल्या अंधाऱ्या खोलीत कोणी कसेबसे घेतलेल्या चित्रावरून, आठशे वर्षांपूर्वीच्या बंगालातील पंडिताचा हस्तलेख वाचला. चित्र थोडे हलले की एक शब्द गेला, आणि शब्द गेला की श्लोक अडला. छायाचित्र नीट घेणे ही केवळ हौसेची बाब नव्हे, हे ह्याहून चांगल्या रीतीने कशाने पटेल?

चित्राचे आणखीही एक मोल आहे, आणि ते तिबेटी माणसास आपल्याहून अधिक ठाऊक आहे. दलाई लामांचे चित्र जवळ बाळगण्यास तिबेटात १९९६ पासून मनाई आहे. आपण ज्यास साधा कागद समजतो तो तेथे दडवून ठेवावा लागतो. यात्रेस जाणाऱ्यांनी हे विसरू नये. वाटेत भेटलेल्या मनुष्यास 'तुमच्या गुरूंचे चित्र दाखवा' म्हणणे किंवा स्वतः तसे चित्र घेऊन जाणे ह्यात आपले काही जात नाही, त्याचे मात्र जाऊ शकते.

थंडीच्या दिवसांत मराठवाड्यातील शहरांतून तिबेटी स्त्रीपुरुष लोकरी कपड्यांची दुकाने मांडतात. आमच्या घरांतील कितीतरी मुलांच्या अंगावरील पहिला स्वेटर त्यांच्याकडचा असेल. महाराष्ट्रात गोंदिया जिल्ह्यातील गोठणगावास त्यांची वसाहत १९७२ पासून आहे. ह्यांतील तरुण पिढी भारतातच जन्मली. कैलासास ते 'गांग रिनपोछे', म्हणजे हिमाचे अमोल रत्न, म्हणतात. परंतु त्यांच्यापैकी फारच थोड्यांनी तो प्रत्यक्ष पाहिला असेल. नांदेडच्या मनुष्यास तेथे जाण्याचा परवाना मिळतो, त्यांस तो मिळणे दुरापास्त. भाव करून स्वेटर घेणाऱ्या आमच्या वाचकभगिनींपैकी कोणाच्या घरी यात्रेची चित्रे असतील, तर त्यांनी ती एखाद्या दिवशी त्या दुकानात न्यावी असे आम्हांस सुचवावेसे वाटते. चित्रांतील झेंड्यांवर काय लिहिले आहे, वाटेवर रचलेल्या दगडांवरील अक्षरे कोणती, काही यात्रेकरू उलट दिशेने प्रदक्षिणा का घालतात, हे आपल्यास तेथेच कळेल. उलट जाणारे ते बोन पंथाचे. आणि ज्या भुकटीचे गोळे करून लोणी-मीठ घातलेल्या चहाबरोबर तेथील लोक खातात ते भाजलेल्या जवाचे पीठ. आमच्या सातूच्या पिठाशी त्याचे नाते जवळचे आहे.

चिनी यात्रेकरू ह्युएन त्संग इ. स. ६४१ च्या सुमारास महाराष्ट्रात आला होता. त्याच्यापाशी कॅमेरा नव्हता. तरीही येथील माणसे उंच, मानी, उपकार स्मरणारी आणि अपमान न विसरणारी आहेत. सूड घेण्यापूर्वी शत्रूस सूचना देतात, हे त्याने टिपून ठेवले, आणि आज तेराशेंहून अधिक वर्षांनी आपण ते अभिमानाने वाचतो. त्याने येथील माणसे पाहिली म्हणून हे घडले. आमचे यात्रेकरू तिबेटातील माणसे किती पाहतात? अकरा चित्रे पर्वताची निघाली हे वर सांगितले. तिबेटी मनुष्याचे चित्र त्या नऊशेंत एकच होते, आणि तेही सामान वाहणाऱ्याचे, पाठमोरे. प्रदक्षिणा दंडवत घालीत करणाऱ्या वृद्ध स्त्रिया त्याच्या शेजारून गेल्या असतील. परवानगी मागून, हसून, दोन क्षण थांबून त्यांचे चित्र घेता आले असते. आणि त्यांनी नको म्हटले असते, तर त्या कशा दिसल्या हे वहीत लिहिता आले असते.

आता काही व्यवहाराच्या गोष्टी. तेथे हवा विरळ असल्याने ऊन कडक आणि सावली काळीकुट्ट पडते. भर दुपारचे चित्र रखरखीत येते. सकाळचा पहिला आणि संध्याकाळचा शेवटचा तास हाच खरा. अंतराचा अदमास चुकतो, म्हणून चित्राच्या एका कोपऱ्यात मनुष्य, याक किंवा तंबू असू द्यावा. त्यावाचून पर्वताचे माप कळत नाही. थंडीत बॅटरी लौकर उतरते; ती अंगाशी, कपड्यांच्या आत ठेवावी. आणि रोज रात्री, कितीही थकवा असो, त्या दिवसाच्या चित्रांपैकी पाच निवडून ठिकाण, दिशा, वेळ आणि बरोबर कोण होते, एवढे लिहून ठेवावे. पूर्वी चित्राच्या पाठीवर शाईने नाव-साल लिहिण्याची चाल होती. हैदराबाद संस्थानात राजा दीनदयाळ ह्यांनी १८९२ साली पडदानशीन स्त्रियांसाठी वेगळी चित्रशाळा काढली. त्या काळच्या कितीतरी तसबिरी आज जुन्या घरांतून निघतात, आणि पाठीमागे नाव नसल्यामुळे ही आजी कोणाची हे कोणासच सांगता येत नाही. मोबाइलमध्ये तर पाठच नाही. निदान वीस चित्रे कागदावर छापून घ्यावी. त्यांस खर्च फारसा येत नाही.

नांदेडच्या काकूंसाठी पुतण्याने शेवटी दक्षिण बाजूचे एक चित्र मोठे करून आणले आहे, असे कळते. काकूंनी त्यास देव्हाऱ्यात न ठेवता पलंगासमोर लावले. देव्हाऱ्यात ठेवले तर आपल्यास पडल्या पडल्या दिसणार नाही, असे त्यांचे म्हणणे.

ज्यांस लांबची यात्रा घडणे नाही, त्यांनी वेरूळास तरी अवश्य जावे. नांदेडहून छत्रपती संभाजीनगरपर्यंत रेल्वे आहे, आणि पुढे वेरूळ सुमारे ३० किलोमीटर. तेथील कैलासाचे तोंड पश्चिमेस आहे. तेव्हा दर्शनी भागाचे चित्र दुपारनंतर घ्यावे, सकाळी तो सावलीत असतो. शेजारच्या वाटेने डोंगरावर चढून वरून पाहिल्यास शिखर आणि भोवतालचा चौक एका दृष्टीत येतो. मात्र कडेशी जपून उभे राहावे, आणि लहान मुलांचा हात सोडू नये. मंगळवारी लेणी बंद असतात.